पुण्याहून पाम्बनला बोर्ड घेऊन जाताना

प्रश्न थोडक्यात असा आहे. पुण्यातले दोघं मित्र, वजन ७२ आणि ८५ किलो. पानशेतच्या पाण्यावर दोन हंगाम विंडसर्फिंग झालंय. दोरीने शीड ओढून उभं राहता येतं, हार्नेस (शिडाची ओढ अंगावर घेणारा कमरपट्टा) वापरता येतो, बीच स्टार्ट (उथळ पाण्यातून बोर्डावर चढणं) जमतो, वॉटर स्टार्ट, म्हणजे पाण्यात पडलेलं असताना शिडाच्याच ओढीने बोर्डावर उभं राहणं, दहातून तीन वेळा जमतो. गोव्याची गर्दी नको, परदेशाचा खर्च नको, ऑगस्टमध्ये आठ-दहा दिवसांची रजा आहे. देशातच कोमट पाण्याची, भरवशाच्या वाऱ्याची, पण फारशी कोणाला माहीत नसलेली जागा कोणती? आणि अशी जागा आपली आपण कशी हुडकायची?

जागेचं नाव पाम्बन बेट, म्हणजे रामेश्वरमचं बेट. यात्रेकरूंना पिढ्यान् पिढ्या माहीत असलेली ही जागा काइटवाल्यांना गेली काही वर्षं कळली आहे, तिथे काइटसर्फिंग शिकवलंही जातं. विंडसर्फिंगवाले मात्र क्वचितच तिकडे फिरकतात. भाड्याने बोर्ड मिळेल असं अजिबात धरून चालू नका. ऑगस्टमध्ये तुम्ही दोघांनी जावं का, हे शेवटी सांगतो, कारण त्याचं उत्तर वाऱ्यावर नाही, तुमच्या वॉटर स्टार्टवर अवलंबून आहे.

आधी वारा का लागतो ते समजून घ्या, म्हणजे पुढची जागा तुमची तुम्हाला शोधता येईल. जूनमध्ये नैर्ऋत्येचा मान्सून सह्याद्रीवर आदळतो, आपल्याकडे ताम्हिणीत, मुळशीत धो धो कोसळतो. दक्षिणेकडे याच पर्वतरांगेत २६९५ मीटरचं अनैमुडी आहे, आणि समुद्रापलीकडे श्रीलंकेच्या मधल्या डोंगरात पिदुरुतलागला २५२४ मीटरचं. या दोन उंच भिंतींच्या मध्ये मन्नारचं आखात येतं. वाऱ्याला तिथून चिंचोळ्यातून घुसावं लागतं, म्हणून त्याचा वेग वाढतो. वर हा सगळा पट्टा पर्जन्यछायेत. रामेश्वरमचा खरा पाऊस ऑक्टोबर ते डिसेंबरमध्ये पडतो. त्यामुळे पुण्यात छत्री सुटत नाही त्या दिवसांत पाम्बनला कोरडं ऊन असतं आणि वारा दिवसचे दिवस वाहतो. डिसेंबरअखेरपासून मार्चपर्यंत हाच दरवाजा उलट्या दिशेने उघडतो, ईशान्येचा वारा पाल्कच्या सामुद्रधुनीतून खाली उतरतो. तिथले कोळी नैर्ऋत्येकडच्या वाऱ्याला कच्चान म्हणतात, उत्तरेकडच्याला वाडै. हे दोन शब्द पाठ करून जा. किनाऱ्यावर कोणाला ‘आज वारा कसा?’ विचारण्यापेक्षा ‘कच्चान कधीपर्यंत?’ विचारलं की उत्तर नेमकं मिळतं.

मधले महिने, म्हणजे ऑक्टोबर ते डिसेंबर, सोडून द्या. वादळांचा काळ असतो. बेटाच्या आग्नेय टोकाजवळचं धनुष्कोडीचं गाव १९६४ च्या डिसेंबरमधल्या चक्रीवादळात गेलं ते याच दिवसांत, आणि त्याचे पडके अवशेष आजही रस्त्याच्या कडेला उभे आहेत.

आता जागा हुडकण्याची रीत. बहुतेक जण सुंदर किनारा शोधतात आणि मग तिथे वारा आहे का ते बघतात. क्रम उलटा हवा. वाऱ्याच्या खुणा आधी शोधा. पवनचक्क्या ही सगळ्यात मोठी खूण: तमिळनाडूतल्या मुप्पंदलच्या पवनचक्क्या दक्षिणेच्या घाटातल्या खिंडीसमोर उगाच उभ्या नाहीत. दुसरी खूण मिठागरं. मीठ पिकायला ऊन आणि सुकवणारा वारा दोन्ही लागतात. तुतिकोरिनची मिठागरं बघितली की दक्षिणेचा हा किनारा कसा आहे ते कळतं. तिसरी खूण उपग्रहचित्रात दिसते. वाळूच्या टेकड्यांच्या शेपट्या एकाच दिशेला ओढलेल्या असतात, किनाऱ्याची सुरूची झाडं एका अंगाला झुकलेली असतात, वाळूच्या जिभेच्या एका बाजूला पांढऱ्या लाटांच्या रेघा आणि दुसऱ्या बाजूला गुळगुळीत पाणी दिसतं. जुन्या तारखांची चित्रं उघडून जून-जुलै आणि जानेवारी अशी तुलना करा. बाजू पालटलेली दिसली की दोन हंगामांची जागा सापडली.

त्यानंतर आकडे. ग्लोबल विंड अ‍ॅटलासवर कुठल्याही ठिकाणचा सरासरी वारा बघता येतो, पण नकाशा १०० मीटर उंचीचा उघडला असेल तर तो आकडा पवनचक्कीवाल्यांच्या कामाचा. पाण्यावरून येणाऱ्या वाऱ्यासाठी १० मीटर उंचीला त्याचे साधारण पाऊण पट धरा. म्हणजे नकाशात सेकंदाला ८ मीटर दिसत असेल तर तुमच्या वाट्याला ६ मीटर, म्हणजे १२ नॉटच्या (ताशी सुमारे २२ किलोमीटरच्या) आसपास. आणि ही वर्षाची सरासरी आहे, तिच्यात वारा पडलेले महिनेही मोजलेले असतात. वार्षिक सरासरी १० मीटरला ६ च्या वर असेल तर हंगामातला वारा चांगलाच असणार. फोनवरच्या अंदाजांबद्दल एवढंच की त्यांच्या गणिताचे चौकोन ९ किलोमीटर किंवा त्याहून मोठे असतात. धनुष्कोडीची पट्टी एक-दीड किलोमीटरसुद्धा रुंद नाही. ती त्या गणिताला जमीन म्हणून दिसतच नाही. दिशा आणि एकूण कल त्यातून घ्या, ताशी बदल मात्र जाग्यावर मोजा.

हे सगळं जमलं की खरा प्रश्न येतो, आणि अनोळखी जागी तो सगळ्यांत महत्त्वाचा असतो. सामान मोडलं तर वारा मला कुठे नेऊन टाकेल? प्रसिद्ध जागेवर क्लब असतो, वाचवायला मोटरबोट असते, पाण्यात आणखी वीस शिडं असतात. अनोळखी जागेवर यातलं काहीच नसतं. म्हणून पाण्यात उतरायची जागा निवडताना गुळगुळीत पाण्यापेक्षा वाऱ्याच्या पुढे काय आहे ते बघा.

पाम्बनला हा प्रश्न अगदी उघडा पडतो. धनुष्कोडीची वाळूची जीभ वायव्येकडून आग्नेयेकडे जाते. उत्तरेला पाल्कचा उपसागर, दक्षिणेला मन्नारचं आखात. कच्चान या जिभेला जवळजवळ काटकोनात कापतो. त्यामुळे ऑगस्टमध्ये दक्षिण बाजूला वारा समुद्राकडून किनाऱ्यावर, लाटा मोठ्या, उतरणं अवघड. उत्तर बाजूला वारा किनाऱ्याकडून समुद्रात, पाणी काचेसारखं, आणि मोह तिथेच. पण त्या काचेच्या पुढे वाऱ्याच्या दिशेने उघडा उपसागर आहे आणि त्यात भारत-श्रीलंका सागरी सीमा, जी १९७४ आणि १९७६ च्या करारांनी ठरली. मच्छीमारांच्या बोटी तिच्यापलीकडे पकडल्या गेल्याच्या बातम्या कायम येतात. तुटलेल्या मास्टसकट (शिडाच्या काठीसकट) वाहत गेलेल्या माणसाला तिथे कोणी खेळाडू म्हणून ओळखणार नाही.

म्हणून उत्तर बाजूला उतरायचं तर तीन अटी. पाणी कमरेएवढं लांबवर जात असलं पाहिजे, आणि ते आदल्या दिवशी पायी चालून तपासलेलं असलं पाहिजे. पाल्कचा उपसागर उथळ आहे, बहुतेक भाग दहा-बारा मीटरच्या आतलाच, पण ‘उथळ’ म्हणजे पाय टेकतील एवढं नव्हे. किनाऱ्यापासून तीनशे मीटरच्या पुढे जायचं नाही. वाळूत एक काठी आणि तिच्या मागे दुसरी अशा दोन खुणा रोवून ठेवा, म्हणजे अंतर डोळ्यांनी मोजता येतं. आणि किनाऱ्यावर मोटर चालू स्थितीत असलेली एक बोट ठरवलेली हवी.

धनुष्कोडीच्या जिभेच्या शेवटी असलेल्या अरिचलमुनैच्या टोकाकडे बोर्ड घेऊन जाऊच नका. दोन समुद्र तिथे भेटतात, वाळूचे दांडे दर हंगामाला सरकतात आणि ओढ जबरदस्त असते. पाम्बनच्या पुलाखालच्या खाडीतही तसंच: नैर्ऋत्येच्या दिवसांत पाणी आखाताकडून उपसागराकडे धावतं, वर बोटींची ये-जा. टोकापासून चांगले काही किलोमीटर अलीकडे राहा.

आदर्श जागा कोणती, तर जिथे वारा किनाऱ्याला समांतर किंवा किंचित किनाऱ्याकडे झुकलेला असेल ती. नकाशावर २१० ते २३० अंशांची रेघ ठेवून बेटाचा आणि मंडपमपासून उत्तरेकडे देवीपट्टिणमपर्यंतचा किनारा बोटाने फिरा. किनारा वळतो तिथे ही रेघ त्याला घासून जाते. अशा प्रत्येक वळणावर खूण करा आणि गेल्यावर एकेक बघा. एक पथ्य मात्र पाळा. वाऱ्याच्या बाजूला सुरूचं बन असेल तर झाडांच्या उंचीच्या दहा ते वीस पट अंतरापर्यंत वारा फाटका येतो. आठ मीटरची झाडं म्हणजे दीडशे मीटरपर्यंतचं पाणी वाया. धनुष्कोडीची उघडी वाळू याच कारणाने चांगली: मध्ये अडवायला काही नाही, म्हणून वारा अखंड येतो.

पानशेतवाल्यांना हा अखंड वारा पहिल्या दिवशी फसवतो. आपल्याकडे डोंगरांच्या आडून येणारा वारा क्षणात दुप्पट होतो, क्षणात पडतो. त्यामुळे बूम, म्हणजे शिडाची आडवी दांडी, हातात धरून, सतत सोडत-ओढत सर्फ करायची सवय लागते. पाम्बनला तसं केलं तर वीस मिनिटांत कोपर भरून येतात. तिथे हार्नेसच्या दोऱ्यांवर लोंबकळायचं, हात फक्त दिशेपुरते. दोऱ्या २८ इंची घ्या, बूमच्या दोन्ही अंगांना तंतोतंत एकाच जागी लावा, आणि एक हात पूर्ण सोडून तपासा. मागच्या हाताला ओढ लागली तर दोऱ्या थोड्या मागे सरकवा.

सामानाकडे येऊ. शिडाच्या मापासाठी हिशोब सोपा आहे: वजन गुणिले १.३४ भागिले वारा नॉटमध्ये. ७२ किलोच्या माणसाला १८ नॉटला ५.४ चौरस मीटर, २२ नॉटला ४.४. ८५ किलोच्या माणसाला १८ ला ६.३, २२ ला ५.२. यातून एक फायद्याची गोष्ट निघते. तुमच्या दोघांना मिळून तीनच शिडं पुरतात: ४.५, ५.३ आणि ६.४. वारा बेताचा असताना हलक्याकडे ५.३ आणि जडाकडे ६.४, वारा वाढला की दोघंही एकेक पायरी खाली उतरतात. मास्ट दोन, ४०० आणि ४३० सेंटिमीटरची. एखाद्या शिडाला नक्की कुठली मास्ट आणि किती एक्स्टेंशन (मास्टच्या बुडाला जोडायचा वाढीव तुकडा) लागतं ते शिडाच्या खालच्या कोपऱ्यावरच छापलेलं असतं. लफ (शिडाच्या मास्टकडच्या कडेची लांबी) ४२८ लिहिलं असेल तर ४०० ची मास्ट आणि २८ सेंटिमीटर एक्स्टेंशन. जुनी शिडं विकत घेताना लोक नेमकं हेच बघायला विसरतात. वारा २२ च्या वर गेला तर जड माणसाची मास्ट ४०० ची लागेल आणि हलक्याच्या ४.५ लाही तीच. म्हणून चारशेची दुसरी मास्ट मिळाली तर घ्या, जागा फार खात नाही.

बोर्ड हलक्याला ११० ते ११५ लीटरचा, जडाला १२५ ते १३० चा. यापेक्षा लहान बोर्ड घ्यायचा मोह होईल, कारण व्हिडिओत सगळे लहान बोर्डवर दिसतात. घेऊ नका. वॉटर स्टार्ट चुकला तर दोरीने शीड ओढताना बोर्डाने तुम्हाला पेललं पाहिजे. तेवढं आकारमान ही तुमची परतीची शिदोरी आहे.

फिनबद्दल, म्हणजे बोर्डाखालच्या पात्याबद्दल, जरा सविस्तर, कारण पाल्कच्या उपसागरात निम्मा त्रास तिथूनच होतो. उपसागराच्या तळाशी समुद्री गवताची कुरणं आहेत. डुगाँग, म्हणजे समुद्रगायी, हेच गवत खातात. तमिळनाडूने २०२२ मध्ये त्यांच्यासाठी याच उपसागराच्या उत्तर भागात राखीव क्षेत्र जाहीर केलं. उपटलेलं गवत रिबिनीसारखं पृष्ठभागाखाली तरंगतं आणि उभ्या फिनला गुंडाळतं. बोर्ड प्लेनिंगवर (पाण्याच्या पृष्ठभागावरून वेगात घसरत) असताना हे अचानक कळतं. कोणी मागून धरून ठेवल्यासारखा वेग तुटतो, मागचा पाय जड होतो, बोर्डाचं नाक खाली जातं आणि हार्नेसमध्ये अडकलेला माणूस शिडासकट पुढे फेकला जातो. नेहमीची ३२ सेंटिमीटरची फिन घरी ठेवा. मागे झुकलेली, गवतासाठीची, २४ ते २६ सेंटिमीटरची रुंद बुडाची फिन लावा. लांबी कमी असली तरी रुंदीमुळे पकड टिकते, आणि उथळ पाण्यात वाळूला लागायचा धोकाही कमी होतो. वेग हळूहळू मरतोय असं वाटलं तर जोर लावू नका. शिडातला वारा सोडा, थांबा, बोर्ड हाताने दोन फूट मागे ढकला, गवत सुटून वर येतं. या फिनसह पहिल्या दिवशी वाऱ्याच्या विरुद्ध दिशेने वर चढणं जड जाईल. मागच्या पायाने ढकलायचं कमी करा, आधी वेग घ्या, मग हळूच वर वळा.

युनिव्हर्सल जॉइंट, म्हणजे बोर्ड आणि मास्ट जोडणारा रबरी सांधा, निघायच्या आधी पुण्यातच तपासा. तो हाताने पूर्ण वाकवायचा आणि वाकलेल्या बाजूवर उजेड पाडायचा. केसाएवढी चीर दिसली तरी बदला. तो सरळ असताना चिरा दिसत नाहीत, वाकवल्यावरच उघडतात. पाण्यात मोडणाऱ्या भागांत हाच पहिला, आणि तो मोडला की शीड एकीकडे, बोर्ड एकीकडे. एक जादा सांधा बॅगेत, आणि हार्नेसच्या खिशात दीड मीटर पातळ दोरी. तात्पुरतं बांधून किनारा गाठता येतो. डाउनहॉलची, म्हणजे शीड मास्टवर खाली ताणून धरणारी, दोरी ४ मिलिमीटर डायनीमाचीच (न ताणणाऱ्या धाग्याची) हवी. बोहरी आळीतली नायलॉनची दोरी गाडीच्या टपावर सामान बांधायला चांगली, पण डाउनहॉलला लावली तर भर वाऱ्यात ती ताणते, शिडाचं पोट मागे सरकतं आणि शीड उगाच जड झाल्यासारखं वाटत राहतं. माणूस मग लहान शीड लावायला किनाऱ्यावर येतो, चूक दोरीची असते.

प्रवास. पुण्याहून बंगळूर, तिथून मदुराई, तिथून रामेश्वरम, साधारण साडेचौदाशे किलोमीटर. दोन मुक्काम धरा. रेल्वेने मदुराईपर्यंत जाता येतं, पण २४० सेंटिमीटरचा बोर्ड आणि दोन मीटरचे मास्टचे तुकडे डब्यात बर्थखाली मावत नाहीत. ब्रेकव्हॅनमध्ये बुक करावे लागतात आणि वाटेत त्यांच्यावर काय रचलं जाईल ते आपल्या हातात नसतं. लहान विमानांत बोर्ड चढतच नाही. एकूण गाडीच बरी. टपावर बोर्ड पालथे, फिन काढून, मध्ये जुनी सतरंजी. पट्टा हाताने जेवढा ओढला जातो तेवढाच, कुलपी पट्ट्याने करकचून आवळला तर उन्हात तापलेल्या बोर्डावर खाच पडते. पट्टा टपावर टाकताना त्याला एक पीळ द्या, नाहीतर साडेचौदाशे किलोमीटर तो घुमत राहील.

जुन्या बोर्डांना डेकवर एक छोटा हवेचा स्क्रू असतो. पुणे समुद्रसपाटीपासून साडेपाचशे मीटरवर, बंगळूर नऊशेवर, रामेश्वरम समुद्रकाठी. वर उन्हाचा तडाखा. आतली हवा फुगते आणि फोमपासून कवच सुटतं. म्हणून प्रवासात हा स्क्रू सैल. पण पाण्यात उतरताना तो घट्ट करायला विसरलात तर तासाभरात बोर्ड आतून पाणी पितो आणि तो जड का झाला ते कळत नाही. स्क्रू सैल केलात त्याच वेळी त्यावर लाल चिकटपट्टी लावा आणि तिचं दुसरं टोक फिनच्या खाचेवर चिकटवा. पट्टी काढल्याशिवाय फिन बसणार नाही, आणि पट्टी काढताना स्क्रू आठवेल.

पोचल्यावर पहिले दोन दिवस पाण्यात उतरण्याची घाई करू नका. हातातलं वारामापक घेऊन सकाळी सात, दहा, दुपारी एक आणि चार वाजता, प्रत्येक खुणेच्या जागी, दोन-दोन मिनिटं मोजा. सरासरी आणि सर्वात मोठा झोत दोन्ही लिहा. झोत सरासरीच्या दीडपटीच्या वर असेल तर ती जागा कशाच्या तरी आडोशाला आहे. मापक नसेल तर पाण्याकडे बघा: तुरळक पांढरे तुरे दिसायला लागले की दहा-बारा नॉट, सगळीकडे पांढरं दिसलं की सतराच्या पुढे. गुळगुळीत बाजूला हे मोजमाप चालत नाही, तिथे तुरे तयार व्हायला अंतरच मिळत नाही. म्हणून वारा नेहमी लाटांच्या बाजूला जाऊन बघा आणि मग सपाट बाजूला शीड जोडा. सपाट पाण्याकडे बघून मोठं शीड लावणं ही तिथली नेहमीची चूक आहे.

याच दोन दिवसांत माणसांना भेटा. पूर्व किनाऱ्यावर १५ एप्रिल ते १४ जून यांत्रिक मासेमारी बंद असते. जूनच्या मध्यानंतर सगळ्या बोटी पाण्यात, आणि किनाऱ्याजवळ जाळी पसरलेली. जाळ्यांची बोयरी (तरंगत्या खुणा) कुठे कुठे आहेत, ओढजाळं कोणत्या वेळी ओढतात, ते विचारून घ्या. फिन जाळ्यात गेली तर बोर्डाचं नुकसान थोडं, त्या माणसाच्या दिवसाच्या कमाईचं जास्त. तिथल्याच एका बोटवाल्याशी रोजाने ठरवा, पैसे आधी द्या, आणि खुणा ठरवा: दोन्ही हात बाजूला पसरून सावकाश वर-खाली म्हणजे मदत हवी. ती समुद्रावर सगळीकडे चालणारी खूण आहे.

परवानग्यांकडे काणाडोळा नको. मन्नारच्या आखातातली २१ बेटं आणि त्यांच्याभोवतालचं पाणी १९८६ पासून सागरी राष्ट्रीय उद्यान आहे. तिथे बोर्ड घेऊन उतरायचं नाही. धनुष्कोडीच्या उथळ पाणथळीत हिवाळ्यात रोहित पक्षी उतरतात आणि २०२५ मध्ये तिथे त्यांच्यासाठी अभयारण्य जाहीर झालं. सीमा नक्की कुठून जाते ते वनखात्याच्या स्थानिक कार्यालयात नकाशावर बघून घ्या. सागरी पोलिसांना रोजची जागा आणि वेळ कळवा, ओळखपत्राची प्रत पाण्यात टिकेल अशा पिशवीत अंगावर ठेवा. तटरक्षक दलाचा मदतीचा क्रमांक १५५४, तो फोनमध्ये आणि बोटवाल्याच्या फोनमध्येही. उपग्रहावरून संदेश पाठवणारी उपकरणं, जी परदेशातले सर्फर सर्रास वापरतात, ती आपल्याकडे परवान्याशिवाय बेकायदा आहेत. या सीमेजवळ तर सोबत नेऊच नका. धनुष्कोडीत संध्याकाळनंतर थांबू देत नाहीत, त्यामुळे सामान आवरायला एक तास हाताशी ठेवूनच पाण्याबाहेर या.

शीड जोडताना उडती वाळू हा मोठा शत्रू. मास्टचे दोन तुकडे जोडायच्या आधी सांधा फडक्याने पुसा, जोडल्यावर त्यावर इलेक्ट्रिकची चिकटपट्टी दोन वेढे. ही पट्टी मजबुतीसाठी नसते, वाळू आत जाऊ नये म्हणून असते. ती न लावता दिवसभर सर्फ केलं तर संध्याकाळी मास्ट सुटत नाही. तेव्हा पिळून पिळून कवच फोडू नका: सांध्यावर गोडं पाणी ओता, दोन्ही बाजूंना बूमची पकड बसवून ती हातासारखी वापरा, आणि दोघांनी सरळ रेषेत ओढत अगदी थोडं थोडं फिरवा. डाउनहॉल ओढताना शिडाच्या वरच्या भागाची मागची कड बघा. ती मोकळी, सैल पडेपर्यंत ओढायचं, पानशेतच्या हलक्या वाऱ्यात ओढता त्याहून दोन-तीन सेंटिमीटर जास्तच. कमी ओढलं तर झोत आला की शिडाचं पोट मागे सरकतं. जोडलेलं शीड वाऱ्यात मोकळं सोडून चहाला जाऊ नका. मास्ट वाऱ्याच्या बाजूला, वर ओल्या वाळूची पिशवी. पारदर्शक फिल्म उन्हात ठिसूळ होते, थांबला असाल तर शीड पालथं घालून झाका.

पायात बूट हवेतच. प्रवाळाचे तुकडे, समुद्री साळी आणि वाळूत दडलेले पाखट (शेपटीत काटा असलेला चपटा मासा) तिन्ही आहेत. उथळ पाण्यात पाय उचलून टाकू नका, घासत पुढे सरका, म्हणजे पाखट आधीच निसटतं. पाणी कोमट असल्यामुळे वेटसूट लागत नाही, पण लांब बाह्यांची लायक्रा आणि हनुवटीखाली बांधता येणारी टोपी लागते. वाऱ्यात घाम दिसत नाही, सुकून जातो. माणशी दिवसाला चार-पाच लीटर पिण्याचं पाणी गाडीत हवं.

आणि पाण्यात खरंच काही मोडलं तर? अठरा नॉटचा वारा किनाऱ्याकडून समुद्रात असताना हाताने वल्हवत परत येता येत नाही, हे मनाशी पक्कं करून ठेवा. शीड सोडून देऊन फक्त बोर्डावर पडून हात मारावेत असं वाटतं, आणि तिथेच चूक होते. पाण्यात पडलेलं शीड नांगरासारखं काम करतं, वाहण्याचा वेग कमी करतं, आणि बोटवाल्याला लांबून रंग दिसतो. शीड जोडलेलंच ठेवा, बोर्डावर बसा, खूण करा, थांबा. वारा किनाऱ्याकडे असेल तरच डाउनहॉल सोडून शीड गुंडाळून बोर्डावर आडवं घ्या आणि वल्हवा.

आता तुमच्या ऑगस्टबद्दल. दहातून तीन वॉटर स्टार्ट या हिशोबावर कच्चानमध्ये उत्तर बाजूला उतरू नये, आणि दक्षिणेच्या लाटांतही नाही. दहातून आठ व्हायला हवेत, तेही दमलेले असताना. त्यासाठी फेब्रुवारी ते मे कोकणात या. दापोलीजवळचा कर्दे किंवा मालवणजवळचं तारकर्ली. सकाळी मतलई वारा पडून जातो, दुपारी एकनंतर खारे वारे वायव्येकडून धरतात आणि दोन ते पाचमध्ये जोरात असतात. त्यांची दिशा किनाऱ्याला तिरपी, किनाऱ्याकडेच झुकलेली, म्हणजे चुकलात तरी वाळूवरच येता. ६.४ किंवा त्याहून मोठं शीड लावून छातीएवढ्या पाण्यात उभं राहून रोज चाळीस वॉटर स्टार्ट करा. भरती-ओहोटी तेवढी बघून घ्या. पाम्बनला ती एक मीटरच्याही आत असते, कोकणात दोन-तीन मीटरपर्यंत जाते आणि ठेवलेलं सामान बघता बघता पाण्यात जातं.

मेअखेर आकडा आठवर गेला तर ऑगस्टमध्ये निघा. नाही गेला तर रजा जानेवारीच्या उत्तरार्धात किंवा फेब्रुवारीत टाका आणि तेव्हा लोक जातात त्याच्या उलट बाजूला उतरा. वाडै वाहत असताना सगळे दक्षिणेच्या सपाट पाण्याकडे धावतात, पण तुम्ही उत्तरेला, पाल्कच्या उपसागराच्या अंगाला. तिथे वारा समोरून येतो, लाट आखूड आणि त्रासदायक असते, पहिले पन्नास मीटर बोर्ड खेचत चालावं लागतं. पाणथळीपासून दूर, मोकळ्या वाळूवर जागा बघा. सपाट पाण्याची मजा मिळणार नाही, पण दिवसातून वीस वेळा पडलात तरी प्रत्येक वेळी वारा तुम्हाला तुमच्या गाडीकडेच आणून सोडेल.